स्प्रिंगने जोडलेली वस्तुमाने आणि धक्क्याचा अर्थ : ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’मधील एका प्रश्नाची चिकित्सा

प्रास्ताविक

कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, इतिहासग्रंथाचीही होते. पाठ्यपुस्तकातील प्रश्न मात्र केवळ सोडवला जातो. वस्तुतः विद्यार्थ्याच्या मनात विषयाची जी प्रतिमा तयार होते ती विवेचनापेक्षा प्रश्नांतूनच अधिक घडते. कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता राहून गेला, याची चिकित्सा म्हणूनच आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात हरिश्चंद्र वर्मा यांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ (१९९२) या ग्रंथातील अशा एका प्रश्नाचा विचार केला आहे. वस्तुमान केंद्र, संवेग व टक्कर यांवरील नवव्या प्रकरणाच्या स्वाध्यायात तो येतो. गुळगुळीत पृष्ठभागावरील दोन ठोकळे स्प्रिंगने जोडलेले आहेत. त्यांपैकी एकाला आकस्मिक आवेग देऊन ठरावीक वेग दिला जातो. वस्तुमान केंद्राचा वेग आणि स्प्रिंगची महत्तम वाढ विद्यार्थ्याने काढावयाची आहे.

प्रश्नाचे सामर्थ्य

या प्रश्नाची रचना निःसंशय सुंदर आहे. स्प्रिंगने ठोकळ्यांवर लावलेली बले परस्परविरुद्ध व समान असतात, त्यामुळे वस्तुमान केंद्राच्या गतीवर त्यांचा परिणाम होत नाही. न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’त गतिनियमांना जोडलेल्या चौथ्या उपसिद्धांताचे हे थेट उपयोजन आहे. महत्तम वाढीच्या क्षणी दोन्ही ठोकळ्यांचा वेग समान असतो, हे एकदा उमगले की उरलेले काम ऊर्जेची अक्षय्यता करते.

यापुढचा प्रश्न अधिक मार्मिक आहे. त्यात आवेगाऐवजी दोन्ही ठोकळे विरुद्ध दिशांना समान व स्थिर बलाने ओढले जातात. स्थितिकीची सवय असलेला विद्यार्थी बलाला स्प्रिंग-स्थिरांकाने भागून मोकळा होतो. खरे उत्तर त्याच्या दुप्पट आहे, कारण समतोल स्थितीपाशी पोचलेले ठोकळे तेथे थांबत नाहीत, वेगामुळे पुढे जातात. घाईने लावलेल्या सूत्राला असा चाप बसवणे हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

न विचारलेला प्रश्न

तथापि, धक्का बसल्यानंतर प्रत्येक ठोकळा कसा चालतो हा मूळ कुतूहलाचा प्रश्न येथे अनुत्तरित राहतो. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १ किलोग्रॅमचा आणि २ किलोग्रॅमचा असे दोन ठोकळे घेतले, स्प्रिंग-स्थिरांक मीटरला १५० न्यूटन मानला आणि हलक्या ठोकळ्याला जड ठोकळ्याच्या दिशेने ३ न्यूटन-सेकंद आवेग दिला, असे समजू. हलका ठोकळा सेकंदाला ३ मीटर वेगाने निघतो, जड ठोकळा त्या क्षणी स्थिरच असतो. वस्तुमान केंद्राचा वेग सेकंदाला १ मीटर येतो व तो अखेरपर्यंत तेवढाच राहतो. स्प्रिंग जास्तीत जास्त ०.२ मीटर दबते. पुस्तकी उत्तर येथे संपते.

प्रत्यक्षात यापुढेच खरी गंमत आहे. सुमारे ०.४२ सेकंदांच्या आवर्तकालाने दोन्ही ठोकळे वस्तुमान केंद्राभोवती दोलन करतात. निम्मा आवर्तकाल उलटताच जड ठोकळ्याचा वेग सेकंदाला २ मीटर होतो आणि ज्याला पुढे ढकलले होते तो हलका ठोकळा सेकंदाला १ मीटर वेगाने चक्क मागे जात असतो. प्रत्येक आवर्तनाचा एक-तृतीयांश काळ त्याची गती धक्क्याच्या विरुद्ध दिशेने असते. जड ठोकळा मागे कधीच जात नाही, परंतु प्रत्येक आवर्तनात एकदा क्षणभर थांबतो. सेकंदाला १ मीटर हा ‘संहतीचा वेग’ ठोकळ्यांना एका आवर्तनात केवळ दोन क्षणी लाभतो. सरासरी आकडा घटकांची स्थिती कशी झाकतो, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

धक्का कोणाला?

तोच आवेग हलक्याऐवजी जड ठोकळ्याला दिला तर वस्तुमान केंद्राचा वेग तोच राहतो, आवर्तकालही बदलत नाही. मात्र पहिल्या प्रकारात दिलेल्या ४.५ ज्यूल ऊर्जेपैकी ३ ज्यूल दोलनात जातात. दुसऱ्या प्रकारात एकूण ऊर्जाच २.२५ ज्यूल असते व दोलनाच्या वाट्याला ०.७५ ज्यूल येतात. स्प्रिंगही ०.२ ऐवजी ०.१ मीटरच दबते. बाहेरून पाहता एकच वाटणारा धक्का आतून चौपट वेगळा ठरतो. ही तुलना विद्यार्थ्याकडून करून घेतली गेली तर संवेग आणि ऊर्जा या दोन संकल्पनांतील भेद सूत्रांवाचूनही त्याच्या मनात ठसेल.

वजनरहित स्प्रिंगचे गृहीतक

अशा प्रश्नांत स्प्रिंग वजनरहित मानलेली असते. या सोयीमुळे तिच्या दोन्ही टोकांवरील बल प्रत्येक क्षणी समान धरता येते, म्हणजेच बलाची वार्ता तत्काळ पोचते असे मानले जाते. वस्तुमान असलेल्या स्प्रिंगमध्ये ती तरंगाच्या गतीने पोचते. वरच्या टोकाला धरून लोंबकळत ठेवलेली ‘स्लिंकी’ सोडून दिली असता तिचे खालचे टोक, वरून येणारी घडी त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत, जागच्या जागी राहते. तिचे वस्तुमान केंद्र मात्र पहिल्या क्षणापासून गुरुत्व त्वरणानेच खाली येत असते. वर्गात सहज दाखवता येणारा हा प्रयोग गृहीतकाची मर्यादा आणि न्यूटनच्या उपसिद्धांताची व्याप्ती एकाच वेळी उघड करतो.

निष्कर्ष

या उणिवेचे मूळ प्रकरणांच्या क्रमात आहे. दोलनगती बाराव्या प्रकरणात येते. नवव्या प्रकरणातील विद्यार्थ्याजवळ ‘किती’ याचे उत्तर काढण्याची साधने असतात, ‘केव्हा’ याची नसतात. त्यामुळे लेखकाने प्रश्न तेथेच थांबवणे समर्थनीय आहे. परंतु दोलनगती शिकवून झाल्यावर या जुन्या प्रश्नाकडे परतण्याची जबाबदारी अध्यापकावर येते. दोन्ही ठोकळ्यांचे वेग-काल आलेख काढावेत, धक्क्याचे स्थान बदलून पाहावे आणि स्प्रिंगचे वजन हिशेबात घ्यावे, एवढे तीन उपप्रश्न जोडले तरी पुरे. अन्यथा विद्यार्थी महत्तम वाढ अचूक काढील; परंतु ढकललेला ठोकळा मागे का आला, असे कोणी विचारल्यास त्याला आपलेच गणित चुकल्यासारखे वाटेल.