कॅमडन यार्ड्‌स : परंपरा आणि अनुकरण

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात ‘ओरिओल पार्क ॲट कॅमडन यार्ड्‌स’ हे बेसबॉलचे क्रीडागार ६ एप्रिल १९९२ रोजी खुले झाले. त्या देशातील क्रीडावास्तूंच्या इतिहासात येथून एक नवे पर्व सुरू झाले, असे सामान्यतः मानले जाते. आणि जुन्या मैदानांच्या सौंदर्याचे पुनरुज्जीवन हे ह्या वास्तूचे श्रेय म्हणून सांगितले जाते. हे मत सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु वास्तूचा गुण आणि तिचा वेष ह्यांची त्यात गल्लत झालेली आहे.

बेसबॉलच्या मैदानाचे एक वैशिष्ट्य प्रथम ध्यानात घेणे अवश्य आहे. आतील चौकोनाची प्रत्येक बाजू ९० फुटांची असावी, हा नियम सर्वत्र सारखा. बाहेरील कुंपणाचा आकार मात्र स्थळपरत्वे बदलतो. बॉस्टनचे फेनवे पार्क (१९१२) किंवा ब्रुकलिनचे एबेट्‌स फील्ड (१९१३) ही मैदाने शहरातील रस्त्यांच्या कोंडीत उभी राहिली. त्यांचा वेडावाकडा आकार स्थपतीच्या लहरीतून नव्हे, तर जागेच्या अडचणीतून निर्माण झाला. एबेट्‌स फील्ड १९६० साली पाडण्यात आले. त्यानंतरच्या काळात सेंट लुइस (१९६६), सिनसिनाटी व पिट्‌सबर्ग (१९७०) आणि फिलाडेल्फिया (१९७१) येथे बेसबॉल व अमेरिकन फुटबॉल ह्या दोहोंसाठी एकच काँक्रीटचे, जवळजवळ वर्तुळाकार क्रीडागार बांधण्याची रीत पडली. ती कोणत्याही शहरात बसण्याजोगी होती. म्हणूनच ती कोणत्याच शहराची झाली नाही.

कॅमडन यार्ड्‌सचा जन्म मात्र सौंदर्यदृष्टीइतकाच भयातूनही झाला. मार्च १९८४ मध्ये ‘कोल्ट्‌स’ हा फुटबॉल संघ एका रात्रीत बाल्टिमोर सोडून इंडियानापोलिसला गेला. १९५४ पासून मेमोरियल स्टेडियममध्ये खेळणारा ‘ओरिओल्स’ हा बेसबॉल संघही जाईल, ही धास्ती शहराने घेतली. १९८६ साली मेरिलंड राज्याने क्रीडागारांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, आणि खर्चाची तरतूद मुख्यतः राज्याच्या सोडतीच्या उत्पन्नातून झाली.

निवडलेली जागा शहराच्या मध्यभागी, जुन्या रेल्वे-आवारात होती. तेथे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे १८९९ ते १९०५ ह्या काळात बांधलेले, हजार फुटांहून अधिक लांब आणि अवघे ५१ फूट रुंद असे विटांचे गोदाम उभे होते. ते न पाडण्याचा निर्णय हाच ह्या वास्तूचा प्राण होय. गोदाम आणि त्यालगतचा यूटॉ मार्ग ह्यांमुळे उजव्या बाजूचे कुंपण जवळ आणणे भाग पडले. ते ३१८ फुटांवर आले, व त्याची भिंत उंच करावी लागली. जुन्या मैदानांचे तत्त्व येथे पुन्हा खरे ठरले : शहराने आकार दिला, आणि खेळाने तो स्वीकारला.

डाव्या बाजूस असा अडसर नव्हता. १९९२ मध्ये तेथे सुमारे ७ फूट उंचीची भिंत बांधली गेली. २०२२ मध्ये ती मागे सरकवून सुमारे १३ फूट उंच केली गेली. २०२५ च्या हंगामापूर्वी ती पुन्हा पुढे आणून कमी उंचीची करण्यात आली. उजवीकडचे गोदाम मात्र हललेले नाही. जी विषमता परिस्थितीने लादली ती टिकली. जी निवडली गेली ती सोयीनुसार बदलली. हा भेद पुढील अनुकरणकर्त्यांच्या लक्षात फारसा आला नाही. विटांच्या कमानी, हिरवे पोलाद आणि मुद्दाम वाकवलेली कुंपणे ह्यांची नक्कल ठिकठिकाणी झाली; परंतु अडचण उसनी आणता येत नाही. जेथे जागेनेच काही मागितले, उदाहरणार्थ २००० साली सॅन फ्रान्सिस्को येथे उपसागराच्या काठावर, तेथेच ती परंपरा जिवंत वाटते.

तथापि शहराशी एकरूप होण्याचा दावा केवळ विटांनी सिद्ध होत नाही. हॅमिल्टन व कान ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ह्या क्रीडागारामुळे राज्याला वर्षाकाठी सुमारे ३० लाख डॉलरांचा लाभ, आणि करदात्यांवर सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरांचा भार, असा हिशेब मांडला. यूटॉ मार्ग एरवी सर्वांना मोकळा असतो. सामन्याच्या वेळी मात्र त्यावर प्रवेश मिळतो तो तिकीटधारकांनाच. २९ एप्रिल २०१५ रोजी ह्या विसंगतीचे तीव्र रूप दिसले. फ्रेडी ग्रे ह्या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांच्या ताब्यात असताना जीवघेणी दुखापत होऊन त्याचा मृत्यू झाला होता, आणि त्यानंतर शहरात उसळलेल्या अशांततेमुळे त्या दिवशीचा सामना दारे बंद ठेवून, प्रेक्षकांविना खेळला गेला. प्रमुख व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी घडला नव्हता. शहराला सामावून घेण्याची कीर्ती असलेल्या वास्तूत त्या दिवशी शहरच अनुपस्थित होते.

कॅमडन यार्ड्‌सचे महत्त्व ह्यामुळे कमी होत नाही. ते अधिक नेमके होते. वास्तूने शहरातील एका जुन्या इमारतीपुढे नमते घेतले, तेथे ती श्रेष्ठ ठरली. भूतकाळाचा केवळ पोशाख जेथे चढवला, तेथे ती सामान्य राहिली. आणि शहर म्हणजे इमारती की माणसे, हा प्रश्न तिने सोडविलेला नाही. तो सोडविणे हे एकट्या स्थपतीचे काम नव्हे. परंतु सार्वजनिक पैशाने उभारलेल्या वास्तूचे मूल्यमापन करताना तो टाळणे समीक्षेला शोभणारे नाही.