मित्रबुरशी : तबकडीत आणि शेतात

कृषी प्रदर्शनातल्या तक्त्यांवर, बीजप्रक्रियेच्या माहितीपत्रकांत आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही एक चित्र हमखास आढळते. काचेची तबकडी, तिच्या एका कडेला रोग पसरवणारी पांढरी बुरशी आणि दुसऱ्या कडेला हिरवी ट्रायकोडर्मा. शेजारच्या चित्रात काही दिवसांनी हिरवीने पांढरीला पुरते झाकून टाकलेले. खाली मथळा असतो : 'मित्रबुरशीने केलेला शत्रुबुरशीचा नायनाट'. आमच्याही व्याख्यानांत हे चित्र बरीच वर्षे होते. आता आम्ही ते दाखवत नाही, आणि शिक्षकांनीही निदान या मथळ्याखाली ते दाखवू नये असे आम्हांला वाटते.

चित्र खोटे नाही. पण ते जे दाखवते ती मुख्यतः एक शर्यत आहे. तबकडीत बटाट्याचा अर्क, साखर आणि अगर असतो, म्हणजे अन्नाची चंगळ. ट्रायकोडर्मा सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमानाला तीन-चार दिवसांत नऊ सेंटिमीटरची तबकडी भरून टाकते. हरभऱ्याचा मर रोग घडवणाऱ्या फ्युजेरियमला त्यासाठी आठवडाभर लागतो. जी वेगाने वाढते ती जिंकते, एवढेच यावरून कळते. शेतातल्या मातीत असे आयते जेवण नसते. तिथे बहुतेक बुरश्यांचे बीजाणू ओल असूनही रुजत नाहीत, अन्नाची वाट पाहत पडून राहतात. फ्युजेरियम तर जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपाने तग धरते. हरभरा घेतला नाही तरी ते सहा वर्षांहून अधिक काळ जमिनीत टिकते, असे इक्रिसॅटच्या अभ्यासात दिसले आहे. शिवाय ते एकदा मुळातून झाडाच्या जलवाहिन्यांत शिरले, की बियाण्याच्या सालीवर चोळलेली ट्रायकोडर्मा त्याला तिथे गाठू शकत नाही.

दुसरी हरकत 'ट्रायकोडर्मा' या एकवचनी नावालाच आहे. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ साली कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय रोपांवर काम करताना या बुरशीचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूंना वेढून त्यांना मारतात असे दाखवले. पुढे त्यांनी तिच्यातले विषारी द्रव्यही शोधले, ते ग्लायोटॉक्सिन. जैविक रोगनियंत्रणाचा इतिहास इथून सांगितला जातो. गंमत अशी, की वाइंडलिंग यांनी बुरशीला दिलेले नाव चुकले होते. वेबस्टर आणि लोमास या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिले, की ग्लायोटॉक्सिन बनवणारी बुरशी वेगळीच, आज जिला ट्रायकोडर्मा व्हायरेन्स म्हणतात ती होती. आजही हा घोळ संपलेला नाही. 'विरिडी' म्हणून ओळखले जाणारे अनेक उपयोगी वाण १९९९ नंतर ॲस्परेलम या वेगळ्या जातीचे ठरले. एका वाणाचे गुण दुसऱ्यात असतीलच असे नाही, आणि माहितीपत्रकात वाणाचा उल्लेख क्वचितच असतो.

आणि 'मित्र' कोणाचा? हा प्रश्न अळिंबी पिकवणाऱ्याला विचारावा. उत्तर आयर्लंडमध्ये १९८५ च्या सुमारास बटण अळिंबीच्या वाफ्यांवर हिरव्या बुरशीची साथ आली. पुढे ती उत्तर अमेरिकेतही पोचली. ही ट्रायकोडर्माच होती; २००२ साली तिला 'अ‍ॅग्रेसिव्हम' असे नाव मिळाले. दुसऱ्या बुरशीवर जगणे हाच या कुळाचा मूळ धंदा असावा, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचांच्या तुलनेतून पुढे आले. अळिंबी हीसुद्धा बुरशीच, तेव्हा ती तिच्या तावडीतून का सुटावी? गॅरी हार्मन आणि सहकाऱ्यांनी २००४ सालच्या आढाव्यात ट्रायकोडर्माला झाडाची 'संधिसाधू' सोबतीण म्हटले आहे. आम्हांला हे विशेषण 'मित्र'पेक्षा प्रामाणिक वाटते.

याचा अर्थ बुरशीने बुरशी रोखण्याची कल्पनाच पोकळ आहे असा नव्हे. ती खात्रीने कुठे चालते ते पाहिले, की कशी चालते ते कळते. इंग्लंडमधल्या पाइनच्या लागवडीत झाड तोडले, की ओल्या बुंध्यावर मूळकुजीच्या बुरशीचे बीजाणू हवेतून येऊन पडत. बुरशी बुंध्यात मुरे आणि मुळांना मुळे भिडलेली असल्यामुळे शेजारच्या जिवंत झाडात जाई. केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी यावर उपाय काढला. झाड पडताच बुंध्यावर दुसऱ्या एका निरुपद्रवी, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचे बीजाणू पाण्यातून लावायचे. ती आधी घर करते आणि मागून येणारीला जागा उरत नाही. रिशबेथ यांचा हा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि युरोपच्या वनांत ही पद्धत आजही वापरतात. इथे जागा छोटी आहे, वेळ ठाऊक आहे आणि शत्रू अजून पोचलेला नाही. यांतले काहीच शेताच्या सबंध मातीला लागू नाही.

बीजप्रक्रियेचे मर्म नेमके हेच आहे. बियाण्याभोवतीची तसूभर जागा आधी अडवायची. म्हणून कोवळी रोपे कुजून कोलमडण्यावर तिचा उपयोग चांगला होतो. पीक फुलोऱ्यात असताना येणाऱ्या मरीवर तो तितका भरवशाचा नाही. माहितीपत्रकांत हे एवढे एक वाक्य असते तरी पुरले असते. आमच्याकडे आलेल्या एका शेतकऱ्याने पत्रकाबरहुकूम किलोला चार ग्रॅम भुकटी चोळली होती. मात्र 'मित्रबुरशी आहे ना' म्हणून त्याच तुकड्यात तिसऱ्या वर्षीही हरभराच घेतला, आणि विजय किंवा दिग्विजय यांसारखा मरीला दाद न देणारा वाणही निवडला नाही. पीक वाळले. त्या पत्रकात कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी चोळण्याचा सल्लाही होता! कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा त्याला फार लवकर बळी पडते. दोष शेतकऱ्याला कसा द्यावा?

भुकटी जिवंत होती का, हा आणखी वेगळा प्रश्न. नियमाप्रमाणे तिच्या दर ग्रॅममध्ये किमान वीस लाख जिवंत घटक हवेत. शंखजिऱ्याच्या भुकटीत ही संख्या चार-एक महिन्यांत घसरू लागते, आणि पत्र्याच्या गुदामात त्याहून लवकर.

शाळेत या विषयावर प्रयोग करायचाच, तर तबकडीऐवजी तीन कुंड्या घ्याव्यात. गावातल्या ज्या तुकड्यात रोपे दरवर्षी मरतात तिथली माती तिन्हींत भरावी (प्रयोग संपल्यावर ती तिथेच परत टाकावी, दुसऱ्याच्या शेतात नव्हे). एका कुंडीत नुसते हरभऱ्याचे दाणे पेरावेत, दुसरीत ट्रायकोडर्मा चोळलेले. तिसरीत तीच भुकटी, पण प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास शिजवून मारलेली व वाळवलेली, चोळलेले दाणे पेरावेत. भुकटी हाताळताना नाकावर रुमाल बांधावा आणि नंतर हात धुवावेत. तिसरी कुंडी बहुतेक प्रदर्शनांत नसते. ती नसेल तर फरक बुरशीमुळे पडला की भुकटीमुळे, हे कोणीच सांगू शकत नाही. मुलांनी दर आठवड्याला रोपे मोजावीत आणि दुसऱ्या-तिसऱ्या कुंडीत फरक दिसला नाही, तर फळ्यावर तसेच लिहावे. शेजारी पाकिटावरची उत्पादनाची तारीखही लिहावी.