सिद्धता आणि सेवा : पंडिता रमाबाईंचे केडगाव-पर्व

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आरंभी दहा कुमारींचा दृष्टान्त येतो. पाच जणींनी दिव्यांबरोबर तेलाचा साठाही आणला आहे. पाच जणी नुसतेच दिवे घेऊन आल्या आहेत. वराला उशीर होतो, दिवे विझू लागतात, शहाण्या कुमारी आपल्यातले तेल द्यायचे नाकारतात आणि दार बंद होते. त्याच अध्यायाच्या अखेरीस अंतिम न्यायाचे चित्र आहे. तेथे निवाडा होतो तो भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र दिले की नाही, या प्रश्नावर. म्हणजे आरंभी न देणाऱ्या शहाण्या ठरतात आणि शेवटी न देणारे दोषी. प्रवचनकार हे दोन भाग सहसा वेगवेगळ्या रविवारी घेतात, म्हणून ही अडचण फारशी जाणवत नाही. अध्याय सलग वाचणाऱ्याला मात्र ती टाळता येत नाही. तिचा उलगडा एकाच रीतीने होऊ शकतो : भाकरी दुसऱ्याला देता येते, अंतःकरणाची जाग देता येत नाही. जे देता येते ते न देणे हा अपराध. जे देताच येत नाही ते ज्याचे त्यानेच मिळवावे लागते.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) उत्तरायुष्याचा आणि त्या काळातील लेखनाचा विचार या भेदाच्या प्रकाशात करण्यासारखा आहे. मराठी समीक्षेने रमाबाईंचे दोन तुकडे केले आहेत. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) आणि अमेरिकेवरील प्रवासवृत्त (१८८९) लिहिणारी विदुषी आपली. केडगावला जाऊन प्रार्थनेत रमलेली बाई मिशनऱ्यांची. १८९३ मध्ये शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले, तेथेच वाङ्मयेतिहासकारांनीही जणू राजीनामा दिला. उलट भाविक चरित्रकारांना केडगावच्या आधीच्या रमाबाई केवळ प्रस्तावनेपुरत्या हव्या असतात. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती ही की, दीनांची सेवा आणि आत्म्याची सिद्धता ही दोन निराळी कामे असून एक वाढले की दुसरे घटते.

रमाबाईंचा अनुभव याच्या नेमका उलट होता, आणि त्याचे मूळ दुष्काळात आहे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. या दिवसांविषयी त्यांनी पुढे जे लिहिले, त्यात आक्रोश नाही. एक निर्दय हिशेब आहे. घरातील द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या कुटुंबाला पोट भरण्याचा एकही उद्योग येत नव्हता आणि अभिमानामुळे भीक मागणेही जमत नव्हते. साठा होता, पण तो कामी येणारा नव्हता. स्वतःच्या जन्मदात्यांविषयी, त्यांच्यावरील माया तसूभर कमी न करता, इतके परखड लिहिणारे गद्य एकोणिसाव्या शतकात विरळा. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळपीडित मुली आल्या. विधवांसाठी काढलेल्या एका शाळेची पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगावी ‘मुक्ती’ नावाची वसाहतच झाली. शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शिक्षण असे उद्योग तेथे उभे राहिले. उपासमारीतून आलेल्या मुलीला आधी जेवण, मग अक्षर आणि हुन्नर, हा क्रम आईवडिलांच्या शोकान्तिकेतून शिकलेला आहे.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी स्वेच्छेने येणाऱ्या स्त्रियांचा एक गट केला. प्रथम सुमारे सत्तर जणी होत्या. त्या वाढत पाचशेंवर गेल्या. जूनअखेरीस तेथे जे धर्मजागरण झाले, अश्रू, पापनिवेदन आणि रात्ररात्र चाललेली प्रार्थना, ते ख्रिस्ती जगात गाजले आणि पुण्यातील सुधारकांना त्याने बुचकळ्यात टाकले. येथे एक कठीण प्रश्न विचारलाच पाहिजे. जिच्या हातची भाकरी खाऊन जीव वाचला, तिच्या देवाला नाकारण्याचे स्वातंत्र्य त्या मुलींना कितपत होते? भक्तिपर चरित्रे या प्रश्नाजवळून घाईने निघून जातात. रमाबाईंना तो सुटला होता असे म्हणता येणार नाही. एवढे मात्र खरे की, आपली श्रद्धा मुलींच्या ओंजळीत ओतता येईल असे त्यांनी मानले नाही. त्यांनी दुसरा मार्ग धरला : मुलींना स्वतः वाचता येईल असा ग्रंथ त्यांच्या हाती द्यायचा.

बायबलच्या भाषांतराचे प्रयोजन येथे आहे. मराठी नवा करार श्रीरामपूरहून १८११ मध्येच निघाला होता आणि पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी भाषांतरे सुधारली होती. पण त्यांची संस्कृतप्रचुर भाषा नुकते अक्षर ओळखणाऱ्या मुलीला पेलणारी नव्हती. अमरकोश आणि भागवत पाठ असलेल्या, ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या बाईने म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून पुन्हा आरंभ केला. हिंदू पूजेचा व वेदान्ताचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षाने गाळले. ना. वा. टिळकांची वाट नेमकी याविरुद्ध होती : संतांच्या अभंगाचे ऋण घेऊन ख्रिस्ताला मराठीत आणायचे. काव्य म्हणून टिळकांचा विजय झाला, यात शंका नाही. रमाबाईंचे भाषांतर ठिकठिकाणी अडखळते. मूळ शब्दाशी इमान राखण्याच्या हट्टात मराठी वाक्याचा ओघ तुटतो, आणि सोप्या शब्दांचे वाक्य सोपे असतेच असे नाही, हा धडा तेथे पानोपानी मिळतो. साध्या वाचकासाठी घेतलेल्या श्रमांचे फळ त्याच वाचकाला काही ठिकाणी दुर्बोध व्हावे, ही या ग्रंथाची व्यथा आहे.

तरीही मराठी गद्याच्या इतिहासात त्याची दखल घेतली गेली पाहिजे, ती एका वेगळ्या कारणाने. संस्कृत पांडित्याचा इतका मोठा साठा जाणूनबुजून बाजूला ठेवून, दुष्काळातून आलेल्या मुलीच्या वाचनाला मापदंड मानणारे दुसरे उदाहरण त्या काळात सहज आढळत नाही. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे कामही आश्रमातील स्त्रियांनीच केले. कन्या मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. त्यानंतरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.