कोरडा दिवस : घोषणा बरोबर, कृती अपुरी

पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांतून डासविरोधी प्रभातफेऱ्या निघतात. जून हा हिवताप प्रतिरोध महिना आणि जुलै हा डेंग्यू प्रतिरोध महिना म्हणून पाळला जातो. भित्तिपत्रके लागतात, निबंधस्पर्धा होतात. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ ही घोषणा तर मुलांना तोंडपाठ असते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु या प्रबोधनातून मुलांच्या हाती नेमके काय पडते, हे तपासले तर निराशा होते.

‘डास कोठे वाढतात?’ या प्रश्नाला ‘गटारात, घाण पाण्यात’ असे उत्तर मिळते आणि आपण त्याला पूर्ण गुण देतो. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासापुरते हे उत्तर बरोबर आहे. हिवतापाचा ॲनॉफेलिस बहुधा ओढ्याकाठची डबकी, कालवे, विहिरी अशा स्वच्छ पाण्यात वाढतो. डेंग्यू व चिकनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती तर घरातल्या रांजणात, ड्रममध्ये, सिमेंटच्या टाक्यात वाढतो. भित्तिपत्रकावर वर डेंग्यूचे नाव आणि खाली तुंबलेल्या गटाराचे चित्र असेल, तर वाचणारा गटाराकडे बोट दाखवतो. स्वतःच्या ड्रमकडे त्याचे लक्षच जात नाही.

आता कोरड्या दिवसाकडे वळू. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे केले, तर अळ्या व कोष डास होण्यापूर्वीच नष्ट होतात. हा हिशेब बरोबर आहे. पण त्यात दोन गोष्टी सुटतात.

पहिली गोष्ट जीवशास्त्राची. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी वर चढले की फुटतात. म्हणजे भांडे नुसते उपडे करून भागत नाही. ते आतून घासावे लागते. घोषणेत नेमका हाच शब्द नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणाऱ्या निळोणा व चापडोह धरणांनी तळ गाठला आणि लोकांना कित्येक दिवस पाण्याची वाट पाहावी लागली. अशा ठिकाणी ‘साठलेले पाणी ओतून द्या’ हे कोण ऐकेल? न ऐकणाऱ्याला आपण अडाणी ठरवतो. वस्तुतः अडाणीपणा उपदेशात आहे. टंचाईत साठवण वाढते आणि साठवणीबरोबर एडिसही वाढतो.

म्हणून सांगायचे ते असे : पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढा, रिकामे भांडे आतून ब्रशने घासा, ते खरवडलेले पाणी कोरड्या जमिनीवर टाका, मग भांडे भरून घट्ट झाका. रिकामे न करता येणाऱ्या मोठ्या टाक्यात गप्पी मासे सोडता येतात. विदर्भात आणखी एक जागा महत्त्वाची, ती म्हणजे कूलर. पाऊस पडताच तो बंद होतो, पण टाकीत पाणी तसेच राहते. क्यूबातील हवाना शहरात याच डासामुळे पसरणारा पीतज्वर १९०१ साली आटोक्यात आला, तेव्हाही गोर्गस यांच्या पथकांनी घरोघरची साठवणीची भांडी झाकून घेण्यावर भर दिला होता. धूर फवारणीने उडते डास मरतात. भिंतीवरची अंडी व पाण्यातल्या अळ्या शिल्लकच राहतात.

शाळेला यात करता येण्याजोगे काम आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह आपल्या वस्तीतील पन्नास घरे पाहावीत. प्रत्येक भांड्यात विजेरीचा उजेड टाकून अळ्या आहेत का, याची नोंद करावी. समजा दहा घरांत अळ्या आढळल्या, तर दर शंभर घरांमागे वीस, म्हणजे ‘घर निर्देशांक’ वीस झाला. भांडी घासण्या-झाकण्याचे काम चार आठवडे केल्यावर तीच घरे पुन्हा तपासावीत. आकडा उतरला तर काम झाले. उतरला नाही तर कोणती भांडी सुटली, याचा शोध मुलांनीच घ्यावा. प्रभातफेरीत किती मुले होती, यावरून प्रबोधनाचे यश मोजण्यापेक्षा हे मोजमाप अधिक प्रामाणिक ठरेल.