जाते की घरोट? : बहिणाबाईंच्या प्रतिमांविषयी

बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचे पुस्तक आपल्या गावातील प्रत्येक मराठी घरात असेलच असे नाही. परंतु त्यांच्या चार ओळी पाठ नाहीत असे घर सापडणे कठीण. विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेवर त्या छापल्या जातात, सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात म्हटल्या जातात, मुलांच्या वक्तृत्वस्पर्धेत तर त्यांच्यावाचून भाषण पुरे होत नाही. या वापराला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो या वापरातून रूढ झालेल्या एका वाचनपद्धतीला. चूल, मोट, खोपा, पीक या साऱ्यांना प्रतीके मानायचे, प्रतीकाचे टरफल सोलायचे, आतला बोध घ्यायचा आणि टरफल टाकून द्यायचे, अशी ही पद्धत आहे. आमचे म्हणणे असे, की या कवितेचा कस नेमका त्या टाकून दिलेल्या टरफलात आहे.

बहिणाबाईंचा जन्म 1880 साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला आणि 1951 साली त्या निवर्तल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचीत. पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही टिपून ठेवली, आणि 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. एका निरक्षर शेतकरी स्त्रीची ही वाणी पाहून महाराष्ट्र थक्क झाला, ते योग्यच होते. पण थक्क होणे हा न वाचण्याचाही एक सभ्य प्रकार असतो. ‘अडाणी बाईला एवढे तत्त्वज्ञान कसे सुचले?’ असा प्रश्न एकदा विचारला, की कवितेत तत्त्वज्ञान तेवढे शोधले जाते. बाई आणि तिचे काम बाजूला राहते.

घरोटाचे गाणे पाहावे. दळणाच्या दगडाला प्रमाण मराठीत आपण जाते म्हणतो. बहिणाबाईंच्या बोलीत त्याला घरोट म्हणतात, आणि या गाण्यात त्या आपल्या शब्दावर चक्क हरकत घेतात. ज्यातून पीठ बाहेर येते त्याला ‘जातं’ का म्हणावे, असा त्यांचा सवाल आहे. हा श्लेष म्हणून आपण हसून सोडून देतो. क्वचित कोणी ‘येणे-जाणे’ या जोडीत जन्ममरणाचा अर्थही पाहतो. आम्हांला त्यात वस्तूच्या नावाविषयीचा एक रोखठोक वाद दिसतो. वस्तू काय करते हे जी रोज पहाटे पाहते, ती म्हणते की हे नाव वस्तूला शोभत नाही. आमच्याकडचे नाव बरे, कारण त्यात ‘घर’ ऐकू येते. शब्दाची व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरते की नाही, हा प्रश्न येथे अगदी गौण आहे. भाषेचा अधिकार दळणारीकडे आहे, हे त्या सवालातून ठरते.

जात्याला मराठी कवितेत मोठी परंपरा आहे. जनाबाईंसोबत विठ्ठल दळू लागला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. बायकांच्या ओव्यांत जाते देव होते, सखी होते, माहेरचा निरोप्या होते. बहिणाबाई या परंपरेच्या वारसदार आहेत, पण त्यांच्या घरोटाला हात लावायला कोणी देव येत नाही. दळणारी एकटी आहे, आणि तिच्या पोटातून गाणे येते ते दगडातून पीठ येते तसे. ही तुलना आपण ‘कवितेची उपजत प्रेरणा’ अशी समजावून सांगतो. परंतु पीठ आपोआप गळत नाही. त्यासाठी खुंटा धरून दगड फिरवावा लागतो, दाण्याचा घास मुठीने घालावा लागतो, खांदा दुखावा लागतो. कविता उपजत येते असे नव्हे, ती श्रमाने येते, असेच ही उपमा सांगते. आणि तिच्यामागे जात्याची चाल ठाऊक नसेल तर नेमका उलटा अर्थ पदरात पडतो.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर करतो. या गाण्यांची भाषा अहिराणी, असे आपल्याकडेही सर्रास म्हटले जाते. ती अहिराणी नव्हे. ती लेवा गणबोली. वऱ्हाडीशी तिचे नाते पुष्कळ जवळचे. ‘मला’चे ‘मले’, ‘डोळ्या’चा ‘डोया’, ‘केळी’ची ‘केयी’ ही तिची वळणे. बुऱ्हाणपुरास ती परकी असण्याचे कारण नाही. फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी हेच गाव होते, आणि आजही आपल्या स्थानकावरून गाडीत बसले की रावेर, सावदा, भुसावळ करीत आसोद्याच्या वाटेलाच लागतो. शहापूर-इच्छापूरच्या बाजूने बाजाराला येणारी माणसे तोंडात अशीच वळणे घेऊन येतात. आपली घराणी मात्र दुसऱ्या वाटेने आली. 1760 साली उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांचा अंमल झाला, आणि त्या राज्यकारभाराच्या, फौजेच्या नि हिशेबाच्या आश्रयाने देशावरची कुटुंबे येथे स्थिरावली. सोबत आणलेली मराठी आपण हिंदी मुलखात पिढ्यान् पिढ्या जपली. जपताना तिला ठेवणीतल्या शालूसारखे पेटीत ठेवले. परिणाम असा झाला, की अंगणात काम करणाऱ्या बाईची मराठी आपल्याला ‘अशुद्ध’ वाटू लागली आणि तीच मराठी पुस्तकात छापून आली तेव्हा ‘गोड’ वाटू लागली. ही दोन्ही विशेषणे एकाच अंतरावरून दिलेली आहेत. मुलांकडून ही गाणी म्हणवून घेताना पुष्कळदा आपण ‘मले’चे ‘मला’ करून देतो. त्याने छंद मोडतो हे तर झालेच, पण बोलणारी व्यक्तीच बदलते.

आता मोटेचे गाणे. एका विहिरीवर दोन मोटा चालल्या आहेत. जे जे दोन आहे त्याच्यामागे एक काय आहे, ते कवयित्री एकेक करून दाखवीत जाते : पाणी, चाकांची गती, बैलांची ओढ, आणि चढउताराची तीच ती धाव. या गाण्यावर ‘अद्वैत’ हा शब्द उच्चारल्याखेरीज कोणाचे विवेचन थांबलेले आम्ही ऐकलेले नाही. अद्वैत त्यात नाही असे आम्ही म्हणत नाही. पण मोजणीच्या ओघात बहिणाबाई नाड्यांच्या झिजेवर येतात. दोन्ही दोरांची झीज सारखीच. ब्रह्म शोधायला निघालेल्या वेदान्त्याला दोराची झीज आठवली नसती. ती आठवते ज्याला नाडा तुटला तर काय होते हे ठाऊक आहे त्याला. चामड्याची ती अवजड मोट पाण्याने भरून वर येते, बैल धावेवर उतरत जातात, आणि सारा भार त्या एका दोरावर असतो. तो कोठे विरला आहे हे रोज पाहावे लागते. या एका तपशिलाने गाण्याला वजन येते. शेवटी मोट हाकणारा एक आणि त्यावर जगणारे अनेक, अशी मोजणी उलटते. आतापर्यंत दोनांतून एक निघत होता, आता एकातून अनेक निघतात. हा हाकणारा परमेश्वर मानायचा की शेतकरी? आमचे मत शेतकऱ्याच्या बाजूने आहे. परमेश्वर मानल्याने गाणे उंच जाते असे समजतात. आमच्या मते ते हलके होते.

सुगरणीच्या खोप्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, ते गाणे सर्वांच्या ओठी आहे. एक गंमत नोंदवतो. पक्षिशास्त्र सांगते की हा खोपा नर विणतो. लोकांनी मात्र पक्ष्यालाच सुगरण म्हटले आणि बहिणाबाईंनीही विणकराला बाईच मानले. यंत्रमागांच्या आपल्या गावाने यावर हवे ते अनुमान काढावे. योगी आणि सासुरवाशीण यांच्या संवादाचे गाणे मात्र चुकीच्या कारणासाठी लोकप्रिय आहे असे वाटते. त्याला माहेरचे गोडवे म्हणून गायले जाते. माहेर एवढे चांगले तर सासरी कशाला आलीस, या योग्याच्या प्रश्नाला ती जे उत्तर देते त्याचा आशय असा, की ती येथे आपल्या मुलीचे माहेर उभे करीत आहे. म्हणजे ज्याला आपण माहेर म्हणतो ते कोणा एका बाईचे सासर असते. एवढी अवघड गोष्ट इतक्या सहज क्वचितच सांगितली गेली असेल.

आमच्या मताविरुद्ध एक आधार बहिणाबाईंच्याच पुस्तकात आहे, तो लपवून चालणार नाही. संसाराच्या गाण्यात त्या स्वतःच उपमा देतात आणि स्वतःच बोध काढतात; मनाच्या गाण्यातही पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा उघडपणे मनासाठी योजलेली आहे. तेव्हा बोध आपण बाहेरून लादला, असे सर्वत्र म्हणता येणार नाही. आम्ही एवढेच म्हणू, की तेथेही हाताला बसलेला चटका आधी आहे आणि बोध मागून आला आहे.

वैधव्याची गाणी आपल्या कार्यक्रमांत सहसा म्हटली जात नाहीत. प्रसंग मंगल असतो, हे कारण सांगितले जाते. ऐन तारुण्यात पती गेला, मुले लहान. या गाण्यांत ती शोक करते, पण शोकापाशी थांबत नाही. कुंकू पुसले गेले, गोंदण राहिले, असे ती पाहते. जे पुसता येण्याजोगे होते ते गेले, जे सुईने कातडीत उतरवले होते ते उरले. त्याच दुःखात एक ज्योतिषी तिच्या दारी येतो आणि हात पाहू म्हणतो. ती त्याला हात देत नाही. तळहातावरच्या रेघांना नशीब मानायला ती तयार नाही; देवालाही ती या गाण्यात दोन शब्द सुनावते. ज्योतिषी हातात खूण शोधतो आहे आणि तिला त्या हातात भेगा दिसत आहेत. आपले दैव आपल्याला समजते, तू दारी येऊ नकोस, अशा अर्थाचे बोलून ती त्याला वाटेला लावते. त्या ज्योतिषाच्या जागी, हाती पुस्तक घेऊन आणि खुणांचे अर्थ लावीत, आपणही पुष्कळदा उभे असतो.