कोकणच्या साहित्यात उपरा कोठे आहे?

कोकणाविषयी मराठीत जे ललित लेखन झाले आहे त्याचा मोठा भाग कोकण सोडून गेलेल्यांच्या हातचा आहे, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु या लेखनाच्या विषयांवर तिचा काय परिणाम झाला, याचा विचार करावा तितका झालेला नाही. गाव सोडून जाणारा मनुष्य या साहित्यात पदोपदी भेटतो. मुलगा मुंबईस जातो, म्हातारी ओटीवर बसून वाट पाहते, मनिऑर्डर येते, गणपतीस आणि शिमग्यास चाकरमानी येतात आणि चार दिवसांनी घरास पुन्हा कुलूप लागते. हे सर्व आपण इतक्यांदा आणि इतक्या चांगल्या लेखकांकडून वाचले आहे की, कोकण म्हणजे निरोप घेण्याची जागा असेच कोणास वाटावे. येणारा मनुष्य मात्र या साहित्यात जवळजवळ नाहीच. येणारा म्हणजे चार दिवसांचा पाहुणा नव्हे. राहावयास, जमीन घ्यावयास किंवा मजुरी करावयास आलेला, ज्याच्या येण्याने गावाचे रूप पालटते, असा परका मनुष्य.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण असे की, ज्या प्रदेशाचे हे साहित्य आहे तेथे या येणाऱ्या मनुष्याचा विषय निघाल्यावाचून बोलणे पुरे होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा हेच उदाहरण घ्यावे. मुंबई-गोवा महामार्ग गावाच्या पोटातून जातो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आडवली व विलवडे ही स्थानके तालुक्याच्या वाट्यास आली. सह्याद्रीच्या माथ्यावरील माचाळ, जेथे पूर्वी पायवाटेने चढून जावे लागे, तेथेही आता गाडी जाते. रस्त्यामागून जमिनीची गिऱ्हाइके आली, डोंगरउतारावर प्लॉट पाडल्याचे फलक लागले. आंब्याच्या बागांत राखणीस नेपाळी गडी आणि चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेल्या मजुरांची बिऱ्हाडे हा या जिल्ह्यातील नेहमीचा देखावा झाला. गाव आपला राहिला नाही, हे उद्गार अशा वेळी कानांवर येणारच. त्यांत खोटे काही नाही. गडग्याच्या जागी तारेचे कुंपण येते, पूर्वापार पाणंद एके दिवशी बंद होते, ज्या सड्यावर साऱ्या वाडीची गुरे चरत तेथे पहारेकरी बसतो. हे ज्याच्या डोळ्यांदेखत घडते त्याच्या रागास नुसता कोतेपणा म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. परंतु याच जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती ती २०११ च्या खानेसुमारीत १६,१५,०६९ वर आली, हेही तितकेच खरे आहे. ज्या भूमीतील माणसे कमी होत आहेत त्या भूमीत आलेल्या माणसांविषयी तक्रार चालावी! कादंबरीकारास याहून चांगला विषय तो कोणता हवा?

परक्याविषयीच्या कोकणी रोषाचे सर्वांस परिचित असे चित्र म्हणजे पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा. ज्या ‘व्यक्ति आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले त्यातला हा रत्नागिरीचा म्हातारा. हा राग व्यक्त करण्याची कोकणाची स्वतःची एक रीत आहे आणि ती देशपांडे यांनी अचूक पकडली. अंतू आवाज चढवीत नाही. तो तिरकस बोलतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक नव्या गोष्टीस, मग ती पुढाऱ्याची भेट असो की विजेचा दिवा, त्याच्याजवळ एक टोमणा तयार असतो. वीज आल्याचा आनंद त्यास होत नाही, कारण उजेडात आपले दारिद्र्यच तेवढे अधिक स्पष्ट दिसणार हे त्यास कळून चुकले आहे. विनोदाच्या पोटात इतके कडू सत्य ठेवणारी स्थळे मराठीत थोडीच सापडतील. तथापि एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. हे चित्र काढणारा लेखक तेथे जावई म्हणून आलेला, मुंबईचा मनुष्य आहे. अंतूचे टोमणे त्यास लागतात, पण ते जावयास लागावे तसे, मानपानासह. वाचकही त्याच्याबरोबर हसतो, किंचित हळहळतो आणि आपल्या घरी जातो. अंतूच्या शेजारचे घर उद्या कोणी विकत घेतले आणि तो घेणारा रोज सकाळी त्याच्या डोळ्यांसमोर वावरू लागला, तर त्या टोमण्याचे काय होईल, हा प्रश्न त्या चित्राच्या चौकटीबाहेरचा आहे. व्यक्तिचित्राकडून त्याची अपेक्षा करणे बरोबरही नव्हे. दुर्दैव इतकेच की पुढच्या लेखकांनी अंतूचा तिरकसपणा तेवढा उचलला आणि त्याखालचे दुःख रत्नागिरीसच राहू दिले.

जयवंत दळवी यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) येथे फार वेळ थांबवीत नाही. त्यातील गाव इतका भरलेला आणि स्वतःच्याच चक्रमपणात इतका गुंग आहे की, तेथे परक्यास शिरावयास फटच नाही. ते पुस्तक त्याच्या जागी उत्तम आहे.

श्री. ना. पेंडसे यांची गोष्ट निराळी. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या दोन खंडांच्या कादंबरीत जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास त्यांनी दाखविला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, एवढ्या मोठ्या ऱ्हासाचे खापर पेंडसे यांनी कोणा परक्याच्या माथी फोडलेले नाही. खोतांचा वाडा आतून पोखरला जातो: मस्तीने, भाऊबंदकीने, स्वतःच्या पापाने. गाव बाहेरच्यांनी बिघडविला, या आजच्या सोप्या उत्तरास याहून सडेतोड प्रत्युत्तर नाही, आणि ते एका कोकणी माणसानेच दिले आहे. मात्र पेंडसे यांची सहानुभूती अखेर वाड्याच्या बाजूची आहे, हेही सांगितले पाहिजे. जे घडते ते वाड्यास घडते. वाड्याबाहेरच्या कुळास तुंबाड कधी आपले वाटत होते काय, हे त्या दोन खंडांत आपण चुकूनच विचारतो. खोती रद्द करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडले ते १९३७ साली. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. मधल्या बारा वर्षांत, आणि त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांत, जो कुळवाडी भाताचा अर्ध्याहून अधिक वाटा खोताच्या कोठारात नेऊन घालीत होता, तो गावचा होता की उपरा? ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) रत्नागिरीच्या बाजारास डोक्यावर ओझे घेऊन डोंगर उतरणाऱ्या दलित स्त्रिया भेटतात. त्यांचे पाय त्या वाटेस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत, पण गावाच्या मानपानात त्यांस स्थान नाही. गाव आपला राहिला नाही हे वाक्य उच्चारण्यापूर्वी तो कोणाचा होता याची चौकशी या पुस्तकाने अपरिहार्य केली आहे.

आमच्या मते या विषयाच्या सर्वांत जवळ जाऊन पोचलेली कादंबरी म्हणजे हमीद दलवाई यांची ‘इंधन’ (१९६५). आश्चर्य असे की, कोकणच्या कादंबरीची चर्चा निघाली म्हणजे पेंडसे, दळवी, खानोलकर ही नावे झटकन येतात आणि चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेले दलवाई समाजसुधारकांच्या यादीत जाऊन पडतात. ‘इंधन’चा नायक हृदयविकाराने आजारी होऊन, पुष्कळ वर्षांच्या मुंबईतील वास्तव्यानंतर, आपल्या गावी विश्रांतीसाठी येतो. तो जन्माने गावचाच आहे. घर, भाऊबंद, शेजार सर्व जागच्या जागी आहे. तरीही तो परका झाला आहे आणि ते त्याच्याआधी गावास कळलेले असते. मुसलमान जमीनदार, ब्राह्मण, कुळवाडी आणि नवबौद्ध यांचे आपापसांतले जुने हिशेब त्याच्या भोवती चाललेले आहेत. जमीन कसणाऱ्याची होऊ लागली आहे, मते मोजली जाऊ लागली आहेत, आणि ज्यांचा शब्द पूर्वी झेलला जाई त्यांस तो आता पुन्हा उच्चारावा लागतो. या साऱ्यांत नायक कोणाच्याच कामाचा नाही. त्याच्या असण्याने काही सुधारत नाही, उलट दबलेले ते वर येते. आणि अखेर ज्वाळा उठतात तेव्हा सरपण पूर्वीच रचून ठेवलेले होते असे दिसून येते. कादंबरीचे नाव किती नेमके आहे! दलवाई यांची भाषा रुक्ष आहे, प्रसंगांची बांधणीही कोठे कोठे घाईची आहे, आणि माड, खाडी, वहाळ यांच्या वर्णनाची अपेक्षा धरून जाणाऱ्याची निराशा होईल. परंतु गावाच्या रूपाविषयीचा राग हा खरोखर गावातील अधिकाराविषयीचा राग असतो, हे त्यांनी जितक्या निर्भीडपणे दाखविले तितके दुसऱ्या कोणी दाखविलेले नाही.

‘इंधन’ला साठ वर्षे होऊन गेली. या साठ वर्षांत येणाऱ्यांचे प्रकार वाढले आणि आपली भाषा मात्र त्या सर्वांस एकाच शब्दाने हाकारते. मोठ्या कारखान्याच्या वार्तेपाठोपाठ शेकडो एकर घेणारा तोही परका, आणि पावसाळा संपताच बायकामुलांसह चिरेखाणीवर येऊन पत्र्याच्या खोपटात राहणारा तोही परका! लांज्याच्या शेजारी राजापूर तालुक्यात नाणार येथे तेलशुद्धीकरणाचा प्रकल्प आखला गेला. तो जाहीर होण्याच्या सुमारास बाहेरच्यांनी जमिनी घेऊन ठेवल्याची तक्रार तेथील लोकांनी केली, आंदोलन झाले आणि २०१९ साली तो तेथून रद्द झाला. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच तालुक्यातील बारसूच्या सड्यावर माती-परीक्षणास विरोध करीत गावकरी, त्यांत स्त्रिया पुष्कळ, उन्हात बसून राहिल्या. त्या सड्यावर अज्ञात काळच्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पे आहेत. या प्रकरणांवर भाषणे झाली, पत्रके निघाली. त्यांतला राग समजण्यासारखा आहे, कारण तो बलवानाविरुद्ध आहे. परंतु तोच राग बाजारात उतरला म्हणजे नेपाळी राखणदारावर निघतो, कारण तो जवळ असतो आणि उलट बोलत नाही. हे दोन राग एकच नव्हेत, हे सांगणे पत्रकास जमत नाही. ते कादंबरीचे काम आहे.

आणि विकणारा? १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास आडकाठी घातली आहे. तरी जमिनी जातात त्या कोणीतरी दिल्यावाचून जात नाहीत. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली बहुतेक डोंबिवली-विरारकडे. गावी राहणारा चुलता एकटा, सही करण्यास नाखूश आणि न करण्यास असमर्थ. मग मुंबईस परत जाताना हेच हिस्सेदार महामार्गावरील फलक पाहून गाव बिघडल्याबद्दल हळहळतात. या हळहळीत ढोंग आहे असे आम्ही म्हणत नाही. माणूस जे विकतो त्याच्यावर त्याचे प्रेम असू शकते. पण हा सातबारा, ही सही, हा चुलता मराठी कादंबरीत आम्हांस कोठे भेटलेला नाही.

माचाळजवळ मुचकुंद ऋषींची गुहा दाखवितात. मुचकुंदी नदीचा उगमही त्याच परिसरातला. पुराणातील कथा वाचकांस ठाऊक आहेच: झोपमोड करणाऱ्या कालयवनास मुचकुंदाने दृष्टिक्षेपाने भस्म केले. परक्यास नुसते पाहून जाळून टाकावे, ही इच्छा पुष्कळांच्या मनात असते खरी. मात्र त्या गुहेत कालयवनाआधी शिरलेला आणि आपला शेला निजलेल्याच्या अंगावर टाकून त्यास या भानगडीत ओढणारा श्रीकृष्ण, तोही मथुरा सोडून परमुलखात वसती करावयास निघालेला होता, हे कथा सांगणारे क्वचितच ध्यानात घेतात.

कोकणी मनुष्यास उपरेपणाचा अनुभव नाही असे तर मुळीच नव्हे. गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे त्याचेच आजे-पणजे होते. १९६६ साली मुंबईत भूमिपुत्रांच्या हक्कासाठी संघटना उभी राहिली तेव्हा तिच्यामागे गेलेल्यांत कोकणातून आलेल्यांच्या मुलांचा भरणा मोठा होता. एका पिढीत उपऱ्याचा भूमिपुत्र होतो तो असा. लेखकांनीही हा अनुभव वाया घालविलेला नाही. करूळचे मधु मंगेश कर्णिक यांनी ‘माहीमची खाडी’मध्ये (१९६९) मुंबईच्या चिखलात येऊन पडलेली माणसे पाहिली, आणि त्यांच्या जाती-मुलखांची चौकशी न करता त्यांची भूक, त्यांची भांडणे आणि त्यांची माया लिहिली. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) तर ज्यास प्रत्येक गाव वेशीबाहेर उतरवितो त्या कैकाड्याचा मुलगाच बोलतो. देशावर हे घडले. घाटाखाली, जेथे आजवर जाणाऱ्यांच्या एवढ्या कथा लिहिल्या गेल्या, तेथे चिरेखाणीवरच्या खोपटाकडे कर्णिकांच्या त्या नजरेने पाहणारा लेखक अजून निघावयाचा आहे. त्याने निदान एवढे तरी पाहून यावे की, शिमग्यात देवाची पालखी घरोघर नाचत जाते तेव्हा नव्याने घर बांधलेल्याच्या अंगणात ती थांबते किंवा कसे, आणि थांबत असल्यास गावकऱ्यांत त्याआधी काय बोलणे होते.