अनुभव कोणाचा, सिद्धांत कोणाचा?

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी दलित कवितेवर निबंध वाचला. 'अनुभव' ही संकल्पनाच तपासून पाहावी, असा माझा प्रयत्न होता. अध्यक्षस्थानी असलेले ज्येष्ठ प्राध्यापक समारोपात म्हणाले, "तुम्ही तुमचा अनुभव सांगा. तोच अस्सल असतो. सिद्धांताचं आम्ही बघू." ते प्रेमाने बोलले होते आणि सभागृहात कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. भंडाऱ्याकडे परतताना एसटीत बसल्या बसल्या त्या वाक्यातली श्रमविभागणी मला उलगडत गेली. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आजा-आजीने दुसऱ्याच्या बांधीत धान पिकवले आणि दुसऱ्यानेच ते मोजून नेले. आता नातवाने अनुभव पिकवावा आणि मोजमाप दुसऱ्याने करावे, असेच त्या प्रेमळ वाक्याचे म्हणणे होते.

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या मानापमानाचा असता तर त्यासाठी इथे जागा अडवली नसती. माणसाचा अनुभव शब्दांत धरण्याचे दोन मोठे मार्ग आपण मानत आलो: कविता आणि तत्त्वज्ञान. कविता एका माणसाचे, एका क्षणाचे बोलते. तत्त्वज्ञान त्यातून सर्वांना लागू पडेल अशी संकल्पना काढू पाहते. पाश्चात्त्य विचारात प्लेटोपासून या दोहोंचे भांडण चालू आहे. आपल्याकडे या भांडणाला जातीची बाजू आहे, आणि ती मराठी समीक्षेने क्वचितच पाहिली.

ती नेमकी पाहिली गोपाळ गुरू यांनी. २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील लेखात त्यांनी भारतीय समाजशास्त्रांतली विषमता उघड केली. सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि त्यांना माहिती पुरवणारे शूद्र, अशी ती वाटणी. त्यांनी आपल्या माणसांनाही सोडले नाही. कविता आहे म्हणून सिद्धांतावाचून आपले अडत नाही, या समजुतीत राहू नका. कविता सिद्धांताची जागा घेऊ शकत नाही, असे त्यांनी बजावले. त्यावर २००७ साली तत्त्वज्ञानाचे अभ्यासक सुंदर सरुक्काई यांनी उत्तरादाखल प्रश्न केला: ज्याने भोगले नाही त्याने सिद्धांत मांडूच नये काय? जगलेला अनुभव कशाला म्हणावे, याची त्यांनी केलेली फोड मला महत्त्वाची वाटते. ज्या स्थितीतून मनात येईल तेव्हा उठून जाता येते, ती पाहिलेली स्थिती. जिच्यातून बाहेर पडण्याची मुभाच नाही, तो जगलेला अनुभव. दोघांचा हा वाद २०१२ साली 'द क्रॅक्ड मिरर' या ग्रंथात एकत्र आला. मराठी विभागांतून त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी मी तरी ऐकलेली नाही.

गुरूंचे म्हणणे मला अर्धे पटते. पटते ते असे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, पाठोपाठ वामन निंबाळकर, दया पवार, केशव मेश्राम, यशवंत मनोहर यांचे संग्रह आले. प्रस्थापित समीक्षेने त्यांच्यासाठी काही विशेषणे तयार ठेवली होती: दाहक, जळजळीत, अस्सल. ही विशेषणे गौरवाची वाटतात, पण ती सगळी तापमानाची आहेत. कवीला काय भोगावे लागले ते त्यांतून कळते. त्याने काय विचार केला, हे समीक्षेने विचारलेच नाही. आमच्या कवींना दार उघडले गेले ते वेदनेचे. विचाराचे दार बंदच राहिले आणि स्वागताच्या गडबडीत ते आमच्याही ध्यानात आले नाही.

त्याची किंमत काय, हे आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची, जमावाने हत्या केली. मी तेव्हा बारावीत होतो. पुढची कित्येक वर्षे आमच्या भागातल्या प्रत्येक कविसंमेलनात खैरलांजीवर कविता वाचली जाई. मीही एक लिहिली होती. तिच्यात आग, रक्त आणि सूर्य हे सगळे होते. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही, कारण जातीचा हेतू न्यायालयाला सिद्ध झालेला दिसला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. चावडीवर, चहाच्या टपरीवर तेव्हा लोक विचारत, "वाद जमिनीचा होता की जातीचा?" माझ्या कवितेकडे याचे उत्तर नव्हते. दलिताने जमीन राखणे, घर बांधणे, मुलीला शिकवणे हेच जिथे आगळीक ठरते तिथे जमिनीचा वाद हाच जातीचा वाद असतो, एवढे एक वाक्य नीट सिद्ध करायला संकल्पना लागते. ते काम आनंद तेलतुंबडे यांच्या २००८ सालच्या 'खैरलांजी' या पुस्तकाने केले. पण त्या पुस्तकाचे उपशीर्षक कुठून आले? अमेरिकेतील काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारले जाई, त्यावर बिली हॉलिडेने १९३९ साली गायिलेल्या गाण्याच्या अखेरच्या शब्दांतून. इतकी कठोर चिकित्सा करणाऱ्या सिद्धांतालाही नाव घ्यायला कवितेच्या दाराशी जावे लागले. इथून माझ्या न पटणाऱ्या अर्ध्या भागाला सुरुवात होते.

बौद्ध तर्कपरंपरेतील आचार्य दिङ्नाग यांनी फार पूर्वी एक मर्यादा दाखवून ठेवली आहे. प्रत्यक्षाला जे भिडते ते एकमेव, दुसऱ्यासारखे नसलेले असते. त्याला ते स्वलक्षण म्हणतात. शब्द तिथवर पोचत नाही. शब्द फक्त इतरांना वगळून काम करतो: 'गाय' म्हणजे जे गाय नाही ते सारे वजा करून उरलेले. हाच अपोहवाद. हा विचार वाचताना मला 'अस्पृश्य' हा शब्द आठवला. सगळ्या गावाला वजा करून त्याने माणूस ठरवला. त्याच्या अंगी काय आहे, हे पाहिलेच नाही. उलट 'दलित' हा शब्द पाहा. त्यात नकाराचा 'अ' नाही. तो भूतकालवाचक विशेषण आहे: दळलेला, चिरडलेला. तो उच्चारताच 'कोणी दळला?' हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे जात्याची प्रतिमा आणि शोषणाचा सिद्धांत एकाच शब्दात आला. आमच्या चळवळीने हा शब्द उचलला तेव्हा तिने कविता केली की तत्त्वज्ञान, हे मला सांगता येत नाही.

माझी माय अजूनही रोवण्याच्या दिवसांत बांधीत उतरते. मागच्या आषाढात काम उरकल्यावर ती म्हणाली, "बाबू, रोवना सरला तरी कंबर बांधीतच राह्यते." ती कधी शाळेत गेली नाही. तिचे हे झाडीबोलीतले वाक्य मी वर्गात सांगितले तेव्हा मुलींनी माना डोलावल्या. त्यांच्या घरीही अशा कंबरा आहेत. शेतमजुरीवरील कोणत्याही प्रकरणात मला हे ज्ञान सापडले नव्हते: देह घरी येतो, पण त्याचा एक भाग मालकाच्या जागेत राहून जातो. मात्र बांधी कोणाची, मजुरी किती आणि ठरवली कोणी, रोवणीला बाईच का वाकते, हे ते वाक्य विचारत नाही. ते विचारणे माझ्याकडे आले, कारण मायच्या त्याच कंबरेवर मी शिकलो.

ही दोन्ही कामे एकाच माणसाने केल्याचा दाखला आपल्या घरातच आहे. मे १९१६ मध्ये पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मर्म मानून त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा तिच्याशी असलेला संबंध तर्काने लावून दाखवला. त्यात त्यांनी स्वतःचे दुःख मांडले नाही. पुढे तिसाव्या दशकाच्या मध्यास लिहिलेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त तेच बाबासाहेब १९०१ सालचा गोरेगावचा प्रवास सांगतात. मसूर स्टेशनावर उतरलेली मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा बदललेला चेहरा, दुप्पट भाडे घेऊनही गाडीत न बसता चालत येणारा गाडीवान, डबा भरलेला असून पाण्यावाचून काढलेली रात्र. इथे सिद्धांत नाही. आणि हे त्यांनी जाणून केले: परकीयांना अस्पृश्यता समजावण्यासाठी सर्वसाधारण वर्णन करता येते किंवा प्रसंग सांगता येतात, त्यांपैकी प्रसंग अधिक परिणामकारक वाटतात, असे ते आरंभीच नमूद करतात. कोणते हत्यार कोणत्या कामाला, याची निवड त्यांची स्वतःची होती. अनुभव सांगा, सिद्धांताचे आम्ही बघू, असे कोणी त्यांना म्हटले असते तर त्यांनी काय केले असते, हे सांगायला नको.

म्हणून माझी भूमिका अशी. कविता सिद्धांताची जागा घेऊ शकत नाही हे गुरूंचे म्हणणे मान्य करावे. त्याचबरोबर, ज्या सिद्धांताला बांधीत राहिलेली कंबर आठवत नाही तो पुन्हा मोजून नेणाऱ्याच्याच कामी येतो, हेही सांगावे. आमच्या समीक्षेने दलित कवितेचे तापमान मोजणे थांबवून तिच्यातील विचार तपासावा. तो कच्चा असेल तर तसे स्पष्ट लिहावे. माझी ती खैरलांजीची कविता कच्ची होती.

यंदा बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने मला कविता दाखवली. धान मोजणीच्या रांगेत वडिलांबरोबर काढलेल्या रात्रीवरची. मी तिला चांगली झाली आहे म्हटले आणि विचारले, "रांग कोणी लावली, ते तुला शोधता येईल का?" ती म्हणाली, "सर, कवितेत की निबंधात?" मी म्हटले, दोन्हींत. दोन्ही लिहून झाल्यावरच तिला चर्चासत्राला पाठवणार आहे.